सांधेदुखी नेमकी कोणत्या प्रकारची? तपासणीआधीची नोंद, सांध्यांची तुलना आणि पुढचा क्रम

गुडघा धरला, बोटे सुजली, कंबर आखडली किंवा पायाचा अंगठा ठणकला, तरी मराठवाड्यात घरोघरी एकच शब्द निघतो: वात. पुढचा क्रमही ठरलेला असतो. आधी मेडिकलमधून दोन गोळ्या, मग कुणीतरी सांगितलेली पुडी, मग तालुक्याच्या लॅबमध्ये ‘वाताचे सगळे रक्त’, आणि त्या कागदावर एखादा आकडा ठळक छापलेला दिसला की त्याच नावाचा आजार. हा क्रम उलटा आहे. सांधेदुखीचे प्रकार शंभराहून अधिक असले, तरी नेहमी आढळणारे पाच-सहा प्रकार हे कोणता सांधा, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि किती काळ दुखतो, एवढ्यावरूनच बऱ्याच अंशी वेगळे करता येतात. रक्त आणि एक्स-रे त्याला दुजोरा देण्यासाठी असतात. निदान डॉक्टरांनीच करायचे आहे, परंतु त्यासाठी लागणारी अर्धी माहिती घरातच असते आणि ती बहुधा कुणी लिहून नेत नाही.

## टप्पा १ : आजच दवाखाना गाठायला हवा का, हे आधी पाहावे

एकच सांधा एक-दोन दिवसांत सुजून लाल आणि गरम झाला, तो हलवता येईना आणि सोबत ताप किंवा थंडी असेल, तर पुढचे सर्व टप्पे बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सांध्यात पू झाल्याची ही लक्षणे असू शकतात, आणि तसे असल्यास हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, म्हणजे कूर्चा, काही दिवसांतच कायमची खराब होते. मधुमेह असलेल्या, वयस्कर, कृत्रिम सांधा बसवलेल्या किंवा नुकतेच सांध्यात इंजेक्शन घेतलेल्या व्यक्तींना हा धोका अधिक असतो, आणि त्यांच्यात ताप येतोच असेही नाही. येथे खरी तपासणी एकच, ती म्हणजे सांध्यातील पाणी सुईने काढून पाहणे, आणि शक्यतो ती अँटिबायोटिक सुरू करण्याआधी व्हावी.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर अशी फिरती सूज आली, तर तो ऱ्हुमॅटिक ताप असू शकतो. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपांना इजा राहून जाऊ शकते. तेव्हा हृदयाची तपासणी झालीच पाहिजे.

सावधान : लाल, गरम सांध्याला विटेचा शेक, मालिश किंवा लेप लावून आठवडा घालवू नये.

## टप्पा २ : दुखणे सांध्यातच आहे ना?

सांधा स्वतः हलवला तरी दुखतो आणि दुसऱ्याने अलगद धरून हलवला तरी सर्व दिशांना दुखतो, तर दुखणे बहुधा सांध्यातले असते. स्वतः एका ठरावीक दिशेने हलवतानाच कळ येते, पण दुसऱ्याने हलवल्यास फारसे जाणवत नाही, तर ते स्नायूबंधाचे असण्याची शक्यता अधिक. कमरेतून निघून पोटरीपर्यंत उतरणारी चमक आणि मुंग्या हे नस दबल्याचे लक्षण समजतात. एवढे पाहून पुढे जावे. येथे फार वेळ घालवण्याचे कारण नाही.

## टप्पा ३ : सात दिवसांची वही

साधी शाळेची वही घ्यावी आणि सलग सात दिवस पुढील चार गोष्टी लिहाव्यात.

1. झोपेतून उठल्याची वेळ आणि सांधे पूर्ण मोकळे झाल्याची वेळ.
2. सर्वांत जास्त त्रास केव्हा होतो: पहाटे, दिवसभराच्या कामानंतर, की मध्यरात्री अचानक.
3. काम केल्यावर दुखणे वाढते की कमी होते.
4. कोणती गोळी, किती वाजता घेतली.

यातील पहिली नोंद सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच चुकते. लोक आखडणे आणि दुखणे यांत गल्लत करतात व ‘दिवसभर दुखते’ असे लिहून मोकळे होतात. दुखणे दिवसभर असू शकते. येथे मोजायचे आहे ते सकाळचे जखडलेपण. त्यासाठी एक ठरावीक काम धरावे. मूठ घट्ट वळून बोटांची टोके तळहाताला केव्हा टेकली, चहाचा कप एका हाताने केव्हा उचलता आला, किंवा पीठ मळताना बोटे केव्हा मोकळी झाली, ती वेळ घड्याळात पाहून लिहावी. अर्ध्या तासाच्या आत मोकळे झाले आणि तासाहून अधिक लागला, या दोन उत्तरांमधील फरकावर पुढचे बरेच काही ठरते.

तपासून पाहा : रात्री झोपताना दुखण्याची गोळी घेतली असेल, तर सकाळची नोंद फसवी निघते. डॉक्टरांनी कायम ठेवायला सांगितलेली औषधे मात्र या नोंदीसाठी बंद करू नयेत. विशेषतः स्टिरॉइडची गोळी अचानक थांबवणे धोक्याचे आहे.

## टप्पा ४ : हाता-पायांचा नकाशा

कागदावर दोन्ही तळहात ठेवून पेन्सिलीने त्यांची कड ओढावी, तसेच पायांचेही करावे. बोटांच्या सांध्यांच्या तीन रांगा असतात: नखाजवळची, मधली आणि मूठ वळल्यावर उंचवटे दिसतात ती. दुखणाऱ्या सांध्यावर फुली आणि सुजलेल्या सांध्यावर गोल करावा. मनगट, कोपर, खांदा, गुडघा, घोटा आणि टाच यांची वेगळी यादी करावी, आणि डावी-उजवी बाजू न विसरता लिहावी.

सूज डोळ्यांनी पाहण्यापेक्षा बोटांनी चाचपावी. झिजेच्या प्रकारात सांध्याच्या कडेला हाडासारखी कडक गाठ लागते. दाहाच्या, म्हणजे सांधा आतून सुजण्याच्या, प्रकारात सूज मऊ, पाणी भरल्यासारखी असते आणि दोन सांध्यांमधल्या खळग्या भरून जातात. त्यानंतर मुठीच्या चार उंचवट्यांची ओळ दोन्ही बाजूंनी हळूच दाबावी, हस्तांदोलनात दाबतात तेवढीच. तेवढ्या दाबाने कळवळायला झाले तर ती गोष्ट वहीत ठळक लिहावी. पायाच्या बोटांच्या मुळाशीही हेच करावे.

ही चाचपणी आमच्याच घरात राहून गेली होती. मावशी वर्षभर हात दुखतात म्हणत होती आणि कापूस वेचणाऱ्या बाईचे हात दुखणारच, असे आम्ही सारे धरून चाललो होतो. एका दवाखान्यात आरए फॅक्टर, म्हणजे आमवातासाठीची रक्ततपासणी, निगेटिव्ह आला, तेव्हा ‘वात नाही’ असे सांगून शक्तीच्या गोळ्या दिल्या गेल्या. तिच्या हाताला मात्र कुणी हात लावला नाही. संक्रांतीच्या आधी कासार ओसरीवर बसून बांगड्या भरू लागला, तेव्हा तिचे नेहमीचे दोन-चारचे माप उंचवट्यांवर अडले आणि दोन-सहाचेही चढेना. तिचा पंजा दोन्ही हातांत धरून तो म्हणाला, “बाई, हात जाड झाला न्हाई, सुजलाय. दुसरा बी तसाच हाय.” दोन्ही हात, मुठीची रांग, मऊ सूज: निदानाला लागणाऱ्या तीन गोष्टी त्याने दोन वाक्यांत सांगितल्या होत्या. अंगठी निघेनाशी होणे, बांगडीचे माप वाढणे, चप्पल अचानक घट्ट होणे या नोंदी म्हणूनच तारखेसह लिहाव्यात.

तपासून पाहा : सूज येते-जाते असे असेल, तर ती असतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. डॉक्टरांच्या वेळेला ती नेमकी उतरलेली असते.

## टप्पा ५ : वही आणि नकाशा समोर ठेवून तुलना

झिजेचा संधिवात. यात कूर्चा झिजते, हाडांच्या कडांना काटे फुटतात आणि सांध्याभोवतीचे स्नायू दुबळे होतात. पन्नाशीच्या आसपास सुरू होणारा, कामाने वाढणारा आणि विश्रांतीने उतरणारा हा त्रास असतो. सकाळचे आखडणे अर्ध्या तासाच्या आत सुटते, पण एसटीत दोन तास बसून उतरताना पहिली काही पावले जड जातात. गुडघा, खुबा, अंगठ्याचे मूळ आणि बोटांच्या नखाजवळची व मधली रांग हे त्याचे सांधे; मनगट आणि मुठीची रांग तो सहसा सोडून देतो. गुडघ्यात आतली बाजू आधी झिजत असल्याने पाय हळूहळू धनुष्यासारखे बाकतात. ‘गुडघ्यातले ग्रीस संपले’ ही समजूत चुकीची आहे, आणि नुसता कटकट आवाज येतो पण दुखत नाही, हा आजारच नव्हे.

आमवात, म्हणजे रुमॅटॉइड. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजते, जाड होते आणि कूर्चा व हाड दोन्ही कुरतडते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो दोन ते तीन पट अधिक आढळतो आणि बहुधा तिशी ते पन्नाशीत सुरू होतो. मनगटे, मुठीची रांग, मधली रांग आणि पायाच्या बोटांची मुळे दोन्ही बाजूंना सारखी धरली जातात. नखाजवळची रांग वाचते. सकाळचे जखडणे तासभर किंवा त्याहून अधिक टिकते, आणि हालचाल सुरू झाली की बरे वाटू लागते, म्हणजे झिजेच्या अगदी उलट. भाकरी थापणे, धुणे पिळणे, हंड्याचा काठ धरणे ही कामे आधी सुटतात. सोबत थकवा, बारीक ताप, वजन घटणे, डोळ्यांचा कोरडेपणा किंवा दम लागणे असू शकते, कारण हा आजार सांध्यांपुरता राहत नाही. हाडाची हानी पहिल्या काही महिन्यांतच सुरू होऊ शकते आणि झालेली हानी भरून येत नाही. त्यामुळे सहा आठवड्यांहून अधिक टिकलेली अशी सूज ही वाट पाहण्याची गोष्ट नाही.

गाउट. रक्तातील युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात आणि एके रात्री भडका उडतो. झोपताना ठीक असलेला माणूस पहाटे पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी ठणक घेऊन उठतो, आणि त्यावर चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. चोवीस तासांत कळस गाठून एक-दोन आठवड्यांत तो आपोआप उतरतो, म्हणूनच ‘त्या पुडीने बरे झाले’ हा समज पसरतो. चाळिशीनंतरचे पुरुष, पाळी गेल्यानंतरच्या स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण, दारू घेणारे आणि लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे यांच्यात तो अधिक दिसतो. पथ्याच्या नावाखाली आपल्याकडे आधी तूरडाळ, वाटाणा आणि पालक बंद होतो, जे बहुतेकांना करण्याची गरज नसते. बंद करायला हवी ती दारू, आणि मर्यादा घालायला हवी मटण, कलेजी-वजडी व बाटलीबंद गोड पेयांवर.

मणक्याचा दाहक संधिवात. विशीतिशीतला मुलगा सकाळी कंबर धरून उठतो, रात्रीच्या उत्तरार्धात दुखण्याने जागा होतो, कधी डाव्या तर कधी उजव्या कुल्ल्यात दुखते असे सांगतो, आणि हिंडल्याफिरल्यावर मोकळा होतो. पडून राहिले की उलट वाढते. टाचदुखी किंवा डोळा लाल होऊन प्रकाश सहन न होणे असेल तर संशय पक्का होतो. अशा मुलांना ‘मणक्यात गॅप’ सांगून पट्टा आणि सक्तीची विश्रांती दिली जाते, जी त्यांना नेमकी मानवत नाही. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली आणि तीन महिन्यांहून जुनी झालेली अशी कंबरदुखी वेगळी तपासून घ्यावी.

सोरायसिसचा संधिवात. एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सगळेच फुगणे, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडणे आणि कोपर, गुडघे, टाळू, बेंबी किंवा कानामागे खवल्यांचे चट्टे असणे या तीन गोष्टी शोधाव्यात. रुग्ण त्वचा दाखवत नाही कारण तो सांध्यांसाठी आलेला असतो. म्हणून चट्टा कितीही लहान असला तरी स्वतःहून सांगावा.

चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी. २००६ सालच्या साथीपासून हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ओळखीचा झाला. आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गावात पिंप, रांजण आणि टाक्या भरून ठेवाव्याच लागतात, आणि याचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. तापानंतर मनगटे, घोटे आणि बोटे महिनोन्‌महिने दुखू शकतात आणि चित्र हुबेहूब आमवातासारखे दिसते. वेगळेपण सुरुवातीत आहे: येथे तारीख सांगता येईल असा मोठा ताप आणि त्याच दिवशी सांधे धरणे असते, आमवात मात्र आठवड्यांत चढत जातो. बहुतेकांचे दुखणे हळूहळू ओसरते. तीन महिन्यांनंतरही सूज राहिली तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावे.

सावधान : ताप चालू असताना डेंग्यू नाही हे कळेपर्यंत केवळ पॅरासिटामॉल घ्यावे, ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या इतर गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

याशिवाय, किनवटसारख्या ज्या भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळले आहे, तेथे मान-कंबर ताठ होण्यामागे तेही कारण असू शकते. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेले पाणी पिण्यास योग्य मानले जात नाही. घरातल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतील, तर पाणी तपासून घ्यावे.

## टप्पा ६ : तपासण्या, आणि त्या वाचण्यातील चुका

सगळ्या तपासण्यांचे पॅकेज आधी करून मग डॉक्टर शोधू नये. वही पाहून डॉक्टर त्यांतल्या निम्म्या गाळू शकतात, आणि त्या पैशांत जाण्यायेण्याचे भाडे निघते.

ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या दोन तपासण्या शरीरात दाह आहे एवढेच सांगतात, कुठे आणि कशाचा ते सांगत नाहीत. झिजेच्या प्रकारात त्या सहसा सामान्य असतात. आरए फॅक्टर हा सर्वांत जास्त गैरसमज झालेला आकडा आहे. आमवाताच्या दहापैकी दोन-तीन रुग्णांत तो निगेटिव्हच राहतो, तर काही निरोगी व वयस्कर माणसांत आणि क्षयरोग किंवा काविळीच्या काही प्रकारांत तो पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी ही आमवाताचीच दुसरी रक्ततपासणी अधिक विश्वासार्ह आहे, पण तीही निगेटिव्ह असून आमवात असू शकतो. मावशीचे असेच होते.

युरिक ॲसिडची चूक दोन्ही बाजूंनी होते. नुसता आकडा वाढला आणि सांध्याला कधी भडका आलाच नाही, तर तो गाउट नव्हे. उलट ऐन भडक्यात हा आकडा सामान्य येऊ शकतो, म्हणून तो उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजावा. मणक्याच्या दाहक संधिवातासाठी पाहतात त्या एचएलए-बी२७ या आनुवंशिक घटकाचेही तसेच आहे: हा घटक असलेल्या बहुतेकांना आजार होतच नाही, त्यामुळे वही जुळत असेल तरच त्याला अर्थ आहे.

गुडघ्याचा एक्स-रे उभे राहून काढायचा असतो, हे तंत्रज्ञाला आधी विचारावे. झोपून काढलेल्या चित्रात अंगाचा भार नसल्याने सांध्यातली जागा आहे त्यापेक्षा मोकळी दिसू शकते. शिवाय एक्स-रेमधली झीज आणि प्रत्यक्ष दुखणे यांचा मेळ नेहमी बसत नाही; ‘चौथी स्टेज’ हा शब्द ऐकून लगेच वाटी बदलण्याची तारीख घेऊ नये, माणूस किती चालतो आणि रात्री झोपतो का, ते आधी पाहावे.

## टप्पा ७ : डॉक्टरांपुढे

झिजेसाठी अस्थिरोगतज्ज्ञ, आणि आमवात, मणक्याचा किंवा सोरायसिसचा प्रकार वाटल्यास संधिवाततज्ज्ञ किंवा फिजिशियन अशी विभागणी ढोबळमानाने धरावी. संधिवाततज्ज्ञ जवळ नसल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागापासून सुरुवात करता येते. मराठवाड्यात ती छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर, नांदेड आणि आणखी काही ठिकाणी आहेत. सोबत वही, नकाशा, फोटो, जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाने न्यावीत. पुडी घेतली असेल तर तीही न्यावी आणि न लाजता दाखवावी. नावगाव नसलेल्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेले आढळते; दोन दिवसांत चमत्कारिक आराम, मग गोल झालेला चेहरा, वाढलेली साखर आणि ठिसूळ हाडे अशी तिची वाटचाल असते. ती एकदम बंद करणेही धोक्याचे असल्याने ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे.

## टप्पा ८ : उपचार सुरू झाल्यावर

1. आमवातात बहुधा दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास रक्तपेशी घटून जीवावर बेतू शकते, आणि ही चूक प्रत्यक्षात होते. वार ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर वर्षभराच्या त्या वाराला लाल गोल करावेत आणि गोळी घेतल्यावर फुली मारावी. सोबत दिल्या जाणाऱ्या फॉलिक ॲसिडच्या गोळीचा वार डॉक्टरांकडून वेगळा लिहून घ्यावा. हे औषध चालू असताना गर्भधारणा होऊ देऊ नये, दारू टाळावी, आणि रक्तपेशी, यकृत व क्रिएटिनिनच्या तपासण्या चुकवू नयेत. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडू नये.

2. गाउटमध्ये युरिक ॲसिड कमी करणारी गोळी चालू असताना पहिल्या काही महिन्यांत पुन्हा भडका येऊ शकतो. तो गोळी लागू न पडल्याचा पुरावा नसतो, त्यामुळे ती थांबवू नये. युरिक ॲसिड ६ च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली आणून तेथेच ठेवायचे असते. यांपैकी ॲलोप्युरिनॉल ही गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठले, तर मात्र ते तत्काळ बंद करून डॉक्टरांना भेटावे.

3. दुखण्याच्या गोळ्या उन्हाळ्यात विशेष जपून घ्याव्यात. बेचाळीस अंशांत शेतात घाम गाळलेला, पाणी कमी प्यालेला आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस त्यावर रोज ती गोळी घेत राहिला, तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

4. झिजेच्या गुडघ्याला मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम लागतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, पाच आकडे मोजेपर्यंत धरावा आणि हळू खाली आणावा. दहा वेळा, दिवसातून दोनदा. एक किलो वजन उतरले, तर चालताना गुडघ्यावरचा प्रत्येक पावलाचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. उकिडवे बसणे टाळण्यासाठी शौचाला कमोडची खुर्ची वापरावी.

5. काठी दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी आणि ती दुखऱ्या पायासोबतच पुढे टाकावी. आपल्याकडचे बहुतेक आजोबा ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि भार हलका होण्याऐवजी त्याच अंगावर झुकून चालतात. काठीची मूठ, चप्पल घालून सरळ उभे राहिल्यावर, मनगटाच्या घडीच्या उंचीला यावी. लांब असल्यास खालून कापून नवीन रबरी टोपण बसवून घ्यावे.